नागपूरहून कुलाबा किल्ला : आधी ओहोटी ठरवा, तिकीट नंतर काढा

दिवाळी जवळ आली की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "तिकिटं भेटली, हॉटेल झालं, आता अलिबागचा किल्ला कसा पाहायचा ते सांग." मी विचारते, किल्ल्याच्या दिवशी तिथी कोणती आहे? पलीकडे शांतता. मग कुणीतरी भिंतीवरची दिनदर्शिका पाहून सांगतं, "नवमी." म्हणजे आठशेहून अधिक किलोमीटर जाऊन किनाऱ्यावरूनच फोटो काढून परत येण्याची तयारी झालेली असते.

आमचंही पहिल्या खेपेला असंच झालं. आईला घेऊन गेलो होतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यात दुपारी एकची ओहोटी दिसली आणि आम्ही निर्धास्त होतो. एक वाजला, दीड वाजला, वाळू काही उघडी पडेना. घोडागाडीवाले एक वयस्क काका म्हणाले, "ताई, आज भांग आहे. पाणी पुरतं सुकणार नाही." भांग म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान असण्याचे दिवस. त्यांच्याकडून त्या दिवशी जे शिकले आणि पुढच्या खेपांत जे पडताळून पाहिलं, ते इथे लिहिते आहे. आपल्या नागपूरच्या अंबाझरी-फुटाळा तलावांचं पाणी जागेवर असतं, त्यामुळे वेळ ही गोष्ट पाण्याच्या बाबतीतही पाहावी लागते हे आपल्या लक्षातच येत नाही. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी असतं. बाकी सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे.

आपण आधी रजा पाहतो, मग गाडी, मग हॉटेल आणि शेवटी समुद्र. क्रम बरोबर उलटा हवा.

टप्पा १ : तिथीवरून दिवस निवडा

कोकणपट्टीवर एक जुना हिशेब चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो की वद्य, आकडा तिथीचाच धरायचा; पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी साडेतीनच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणून चतुर्थीची सकाळची ओहोटी सव्वानऊच्या पुढे. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि तो बहुधा उशिराच्या बाजूला पडतो. रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते.

पण नुसती वेळ पुरत नाही. पाणी किती खाली जातं हेही पाहावं लागतं, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटीला पाणी मीटरभराच्या खाली उतरतं. अष्टमीपासून दशमीपर्यंत भांग असतो. तेव्हा भरती लहान आणि ओहोटीही उथळ. पाणी दोन मीटरच्या आसपासच थांबतं. अष्टमीचा हिशेब केला तर ओहोटी दुपारी बारा-एकची निघते, जेवणाआधी जाऊन यावं इतकी सोयीची. पण त्या दिवशी वाट पुरती उघडी पडेल याचा भरवसा नाही.

म्हणून माझी पसंती अशी :

तृतीया, चतुर्थी, पंचमी (दोन्ही पक्षांतली) – ओहोटी सकाळी साधारण पावणेनऊ ते पावणेअकरा आणि पाणीही खोल उतरलेलं. यातही चतुर्थी-पंचमी सर्वांत चांगल्या, कारण फार पहाटे उठावं लागत नाही आणि ऊन चढायच्या आत परत येता येतं. टेकडी गणपतीला संकष्टी पाळणाऱ्यांना ही तिथी लक्षात ठेवायला सोपी. किल्ल्यातही सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, त्यामुळे त्या दिवशी गर्दी मात्र धरून चाला.

द्वादशी, त्रयोदशी – ओहोटी दुपारी तीन ते पावणेपाचच्या दरम्यान. चालेल, पण उधाण अजून पुरतं आलेलं नसतं आणि उन्हात तापलेल्या वाळूतून जावं लागतं.

पौर्णिमा, अमावास्या – ओहोटी खोल, पण वेळ पहाटेची किंवा संध्याकाळी सहाच्या सुमाराची. येताना अंधार होतो. नको.

अष्टमी, नवमी, दशमी – चालत जायचा बेत करूच नका.

दिवाळीत निघणाऱ्या नागपूरकरांसाठी हे गणित फारच छान जुळतं. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, भाऊबीज द्वितीयेची. भाऊबीज आटोपून संध्याकाळी-रात्री गाडीत बसा, तृतीयेला अलिबागला पोचा, चतुर्थीला सकाळी किल्ला. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी दरवेळी हाच बेत सांगते.

सावधान : दिनदर्शिकेतली तिथी सूर्योदयाची असते. ती सकाळीच संपत असेल तर पुढची तिथी धरूनही वेळ काढून पाहा.

टप्पा २ : तक्त्यावर ताडून पाहा

तिथीचा हिशेब दिवस निवडायला आहे, पाण्यात पाऊल टाकायला नाही. दिवस ठरला की मुंबईचा, म्हणजे अपोलो बंदराचा, भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. असे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो, मोबाईलवरही मिळतात. अलिबाग जवळच असल्यामुळे काही मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. तक्त्यात तीन गोष्टी पाहायच्या : दिवसाउजेडी असलेली ओहोटी कोणती, तिची वेळ काय, आणि तिची उंची किती मीटर. एका दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. "आज ओहोटी ०.६ आहे" असं कुणी सांगितलं तर ती सकाळची की रात्रीची हे आधी विचारा.

काही परदेशी ॲप वेळ ग्रिनिचची दाखवतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. हे ओळखायला तिथीचा हिशेब पुन्हा कामी येतो. चतुर्थीला ओहोटी साडेनऊच्या आसपास यायला हवी आणि ॲप चार दाखवत असेल, तर घड्याळ आपलं नाही.

नावाचा घोळही इथेच मिटवून टाका. कुलाबा मुंबईतही आहे. नकाशावर नुसतं "कुलाबा" टाकून दक्षिण मुंबईत टॅक्सीतून उतरलेलं कुटुंब मला माहीत आहे. आपल्याला जायचं आहे ते रायगड जिल्ह्यातल्या अलिबागला. अलिबागमध्येच जमिनीवर हिराकोट नावाचा छोटा किल्लाही आहे. रिक्षात बसताना "समुद्रातला किल्ला, बीचवर सोडा" असं सांगा.

टप्पा ३ : आता तिकिटं

किल्ल्याचा दिवस पक्का झाला की एक नियम पाळा : अलिबागला आदल्या दिवशी पोचायचं. ज्या दिवशी गाडी मुंबईत पोचते त्याच दिवशी किल्ला, असा बेत कधीही करू नका. गाडी दोन तास उशिरा आली तर आपल्यासाठी ओहोटी थांबत नाही.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट हवं असेल तर तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. विदर्भ, दुरांतो, सेवाग्राम यांपैकी जी मिळेल ती घ्या, फक्त ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी हवी. तिथून गेटवे टॅक्सीने अडीच-तीन किलोमीटर. गेटवेहून मांडव्याला प्रवासी बोट, साधारण तासाभराची. बऱ्याच बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं, अंतर वीसेक किलोमीटर. तिकीट घेताना "बस धरून का?" हे विचारा आणि तिकीट फेकू नका, बसमध्ये दाखवावं लागतं. मोठ्या सुटकेस घेऊन बोटीत चढणं-उतरणं त्रासाचं होतं. दोघांत मिळून एक पाठीवरची पिशवी, एवढं सामान पुरेसं आहे.

गाडीने जायचं तर समृद्धी महामार्ग नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झाला आहे. तिथून पनवेल, पेण, आणि वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळायचं. शनिवार-रविवारी वडखळच्या पुढे रांगा लागतात. सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास वेगात जायचं असल्यामुळे निघण्याआधी टायर आणि हवा तपासा. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही.

सावधान : पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (वाहनंही नेणारी) बोट हवामान पाहून चालते, पण तेवढ्यावरून "आपण जाऊ शकतो" असं धरू नका. बोट पोचवेल मांडव्याला. पुढे खवळलेल्या समुद्रातून किल्ल्यापर्यंत चालत जाणं हा वेगळाच प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर हा किल्ला आपल्यासाठी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

टप्पा ४ : आदल्या दिवशीची पाहणी

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. तृतीयेला दुपारी अडीच-तीनच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर जा. तेव्हा भरती असते आणि किल्ला पाण्यात उभा दिसतो. मुलांना दाखवा : उद्या सकाळी आपण याच पाण्याच्या जागेवरून चालत जाणार आहोत. मग दुसऱ्या दिवशी "लवकर परत चला" म्हटलं की ती वाद घालत नाहीत, कारण पाणी कुठपर्यंत येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तिथेच घोडागाडीवाल्यांना आणि होडीवाल्यांना तीन प्रश्न विचारा. उद्या वाट किती वाजता उघडेल? परत यायला शेवट किती वाजेपर्यंत? किल्ल्याची तिकीट खिडकी किती वाजता उघडते? किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि आत जायला तिकीट लागतं. तक्ता आणि हे लोक यांच्या सांगण्यात फरक पडला तर या लोकांचं ऐका. वारा आणि लाटा तक्त्यात नसतात, त्यांच्या डोळ्यांसमोर असतात.

तपासा : संध्याकाळी 'इन्कॉइस'चा, म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राचा, उंच लाटांचा इशारा आहे का पाहा. इशारा असेल तर ओहोटी कितीही खोल असो, बेत रद्द.

टप्पा ५ : सकाळची तयारी

पायात पट्ट्याची सँडल किंवा जुने बूट, तळ रबरी हवा. वाटेत वाळू आहे, तशीच खडकाळ जागाही आहे. खडकांवर शेवाळ आणि कालवं (धारदार शिंपल्यांचे समुद्री जीव) चिकटलेली असतात. कालवाची कड ब्लेडसारखी कापते. स्लिपर चिखलात अडकून तुटते, आणि मग माणूस उरलेली वाट अनवाणी काढतो. मुलांचे दिवे लागणारे नवे बूट घरीच ठेवा.

पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडता यावी. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या वर खोचावी. ओला काठ पायात येऊन पडणाऱ्या दोन काकू मी एकाच सकाळी पाहिल्या आहेत.

माणशी एक लिटर पाणी. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणाऱ्या आपल्याला डिसेंबरचं ऊन काहीच वाटत नाही, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि तहान लागल्याचं उशिरा कळतं. किल्ल्यात सावली थोडी. टोपी, मोबाईलसाठी प्लास्टिकची पाकिटं, थोडे सुटे पैसे. प्रसाधनगृहाची सोय किनाऱ्यावरच आटोपा.

टप्पा ६ : घड्याळ लावून ओलांडणं

समजा ओहोटी साडेनऊला आहे. दीड तास आधी, म्हणजे आठला, किनाऱ्यावर हजर राहा. किल्ल्याकडे पाणी उतरत असताना निघायचं, चढत असताना कधीच नाही. वाट घोट्याइतक्या पाण्यावर आली की चालायला लागा; निवांत चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. एकट्याने वेगळी वाट शोधू नका. स्थानिक माणसं आणि घोडागाडीची चाकं जिथून जातात तिथूनच जा.

वयस्कर माणसं किंवा अगदी लहान मूल असेल तर घोडागाडी करा. भाडं जायचं-यायचं मिळून आहे का आणि गाडीवाला किल्ल्यावर किती वेळ थांबणार, हे बसण्याआधी ठरवा. भरतीच्या वेळी होडीने जाणाऱ्यांनी लाईफ जॅकेट घातल्याशिवाय होडी हलू देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचं. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. समजा त्या दिवशी भरती-ओहोटीत ३.६ मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम ३० सेंटीमीटर चढतं, दुसऱ्या तासात ६०, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी ९०. पुढे पुन्हा ६० आणि ३०. पहिला तास पाहून माणसाला वाटतं, "हे तर हळू येतंय, अजून वेळ आहे." दुसरा तास संपेपर्यंत ९० सेंटीमीटर झालेलं असतं, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची कंबर बुडालेली. शिवाय पाणी समोरून एका रेषेत येत नाही. ते किल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी वळून मधल्या वाटेवर येतं, त्यामुळे पायाखाली कोरडं असतानाही पुढची वाट बुडालेली असू शकते.

म्हणून किल्ल्यातून बाहेर पडायची वेळ ओहोटीनंतर पाऊण तास. साडेनऊची ओहोटी असेल तर सव्वादहाला महादरवाजाबाहेर. निघण्याआधी मोबाईलवर दहाचा गजर लावा आणि तो बंद न करता त्याचं ऐका.

टप्पा ७ : किल्ल्यात आधी लांबचं, मग जवळचं

हातात दीड-पावणेदोन तास आहेत. बहुतेक जण आत शिरताच उजव्या-डाव्या बाजूला फोटो काढत बसतात आणि टोकाचा भाग राहून जातो, किंवा टोकाला असतानाच वेळ संपते. मी असं सुचवते.

आत शिरण्याआधी बाहेरून तटाकडे दोन मिनिटं पाहा. मोठमोठे दगड चुना न भरता रचले आहेत, लाटेचं पाणी फटींत शिरून जोर मोडतो. महादरवाजावर कोरलेले प्राणी पाहा. मग कुठे न थांबता सरळ दक्षिण टोकाकडे, धाकट्या दरवाजापर्यंत जा. परत येताना मध्यावर पुष्करणी आणि सिद्धिविनायकाचं मंदिर. मंदिर १७५९ सालचं, राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं. चारही बाजूंनी खारं पाणी असलेल्या या जागी गोड्या पाण्याची विहीरही आहे, ती चुकवू नका. शेवटी उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावरची अक्षरं आणि १८४९ हे साल मुलांना वाचायला लावा. तोफांवर चढवून फोटो काढू नका. तोफा शेवटी ठेवण्याचं कारण, तिथे असताना तुम्ही दरवाजाच्या जवळ असता आणि तटावरून पाण्यावर नजर ठेवता येते.

उत्तरेला सर्जेकोट हा छोटा कोट दिसतो. मधली वाट खडकाळ आणि निसरडी आहे. ओहोटी खोल असेल, सोबत फक्त धडधाकट मोठी माणसं असतील आणि घड्याळात वेळ शिल्लक असेल तरच तिकडे वळा. पहिल्या खेपेला सोडून द्या.

टप्पा ८ : परतताना

दुसऱ्या खेपेला आम्ही वीस मिनिटं उशीर केला होता, भाचीला विहिरीत डोकावून पाहायचं होतं म्हणून. अर्ध्या वाटेवर पाणी माझ्या मांडीपर्यंत आलं. भाचीला भावाने खांद्यावर घेतलं आणि आम्ही एकमेकांचे हात धरून निघालो. पाय प्रत्येक लाटेसरशी वाळूतून सरकत होता. किनारा समोर दिसत होता, तरी त्या दहा मिनिटांत भाची घाबरून एक शब्द बोलली नाही. ती वेळ कुणावर येऊ नये म्हणून गजराचा इतका आग्रह धरते.

बाहेर पडल्यावर वाटेत पाणी गुडघ्याच्या वर दिसलं तर उतरू नका. मागे किल्ल्यात जा, तिथल्या रखवालदाराला सांगा आणि घोडागाडी किंवा होडी मिळते का पाहा. मिळाली नाही तर पुढच्या ओहोटीपर्यंत तटाच्या आत थांबणं हेच सुरक्षित. तहान-भूक सोसता येते. म्हणूनच पिशवीतली एक पाण्याची बाटली आणि चिवड्याची पुडी परत किनाऱ्यावर येईपर्यंत फोडायची नाही.

मुक्कामी पोचल्यावर सँडल आणि पाय गोड्या पाण्याने धुवा, कालवाने कापलं असेल तर साबणाने जखम स्वच्छ करून औषध लावा. नागपूरची गाडी त्याच रात्रीची असेल तर अलिबाग दुपारी एकच्या आत सोडा आणि मांडव्याहून शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी घेतली असेल तर तिकिटावरची तारीख पुन्हा एकदा वाचा. शनिवारी रात्री सव्वाबाराला सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटावर रविवारची तारीख असावी लागते.